कुंपणातल्या फटींचा नकाशा

नकाशा जवळजवळ पुरा झाला होता. फरशीवर कागद जोडून जोडून बारा फूट बाय दहा फुटांचा एकच कागद केला होता. त्यावर रस्ते होते, बोळ होते, दोन देवळं, एक शाळा, विहिरी आणि सत्तरेक घरांची कुंपणं. पेन्सिलीच्या रेघांवरून शाई फिरवायला मी बसणार, तेवढ्यात भिंतीला टेकून बसलेल्या एक आजी उठल्या. माझ्या हातातली पेन्सिल घेतली, कागदावर गुडघे टेकले आणि कुंपणांच्या रेघांवर जागोजागी छोट्या आडव्या खुणा करत निघाल्या. एका घराच्या मागे, मग पुढच्या घराच्या कडेला, मग तिसऱ्या घराच्या विहिरीपाशी. मला वाटलं, कुंपणं चुकली असणार. दुभाषाचं काम करणारी मुलगी खाली वाकून ऐकत होती. ती म्हणाली, "चुकलेलं काही नाही. त्या पोट्टु दाखवताहेत."

पोट्टु म्हणजे कपाळावरची टिकली. जाफन्याकडच्या तमिळमध्ये कुंपणातल्या फटीलाही हाच शब्द आहे. झावळ्यांनी विणलेलं पुरुषभर उंचीचं कुंपण आणि त्यात एक माणूस अंग चोरून जाईल एवढी फट. बायका तिच्यातूनच एकमेकींकडे जायच्या. विस्तव मागायला, आजारी बाळाला बघायला, आणि संचारबंदी असली की सगळीकडेच. आजींच्या खुणा जोडत गेलं तर गावाच्या पूर्व टोकापासून देवळापर्यंत एकदाही रस्त्यावर न येता पोचता येत होतं. त्याआधी तीन दिवस पुरुषमंडळींनी मोठ्या कसोशीने काढलेल्या नकाशात एकही फट नव्हती.

ही गोष्ट 2018 सालची. गाव श्रीलंकेच्या उत्तर टोकाला, जाफना द्वीपकल्पातल्या वलिकामम उत्तर भागात. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, तिथल्या लोकांनाच ते नको आहे. जून 1990 मध्ये लष्कर आणि एलटीटीई ही तमिळ बंडखोर संघटना यांच्यात पुन्हा युद्ध पेटलं, तेव्हा पलालीच्या हवाई तळाभोवतालची आणि कांकेसंतुरै बंदराजवळची गावंच्या गावं रिकामी झाली. आठवड्याभरात परत येऊ, असं वाटून लोक निघाले. तो सगळा पट्टा पुढे अतिसुरक्षा क्षेत्र म्हणून तारेच्या कुंपणाआड गेला. मे 2009 मध्ये युद्ध संपलं, पण तार हटली नाही. 2013 मध्ये तर 6,381 एकर जमीन कायमची संपादन करण्याच्या नोटिसा लागल्या आणि लोकांना कोर्टात जावं लागलं. 2015 पासून तुकड्यातुकड्यांनी जमीन परत मिळू लागली. आमचं गाव असंच अर्धंमुर्धं परत मिळालेलं. तोवर माणसं पंचवीस वर्षं विखुरलेली, कुणी मल्लाकम-चुन्नाकमच्या छावण्यांत, कुणी नातेवाइकांच्या पडवीत, कुणी चेन्नईत, कुणी टोरांटोत. परत येऊन पाहतात तो नुसतं झुडपांचं रान. घरं सपाट केलेली, कुंपणांचा मागमूस नाही, कुठे कुठे तर जोतीसुद्धा उखडलेली.

मी वास्तुविशारद आहे. जुने वाडे मोजून त्यांचे आराखडे काढणं हे माझं काम. टेप धरायचा, भिंतीची जाडी घ्यायची, कर्ण जुळतात का पाहायचं आणि कागदावर उतरवायचं. इथे मोजायला भिंतच नव्हती. जे काही होतं ते माणसांच्या डोक्यात, आणि ती माणसं साठी-सत्तरी ओलांडलेली. एका लहानशा गटाबरोबर मी वर्षभरात तीन वेळा तिथे गेले, मिळून नऊ आठवडे राहिले.

या कामाची वाट आमच्या आधी तिथल्याच एका चित्रकाराने घालून दिलेली होती. जाफना विद्यापीठात शिकवणारे टी. सनातनन यांनी विस्थापितांना आपापल्या सुटलेल्या घराचा आराखडा आठवणीतून काढायला सांगितलं. त्या कच्च्या रेघांवरून वास्तुविशारदाने मापातला आराखडा केला आणि त्याला जोडून त्यांनी स्वतः एकेक चित्र काढलं. 2011 मध्ये ते पुस्तकरूपाने आलं. त्याच्या नावात तोम्बु हा शब्द आहे. तोम्बु म्हणजे डच अमदानीतली जमिनींची नोंदवही, आपल्या सातबाऱ्याच्या जातीची. दप्तरात ज्याची नोंद उरली नाही अशा घराची नोंद माणसाच्या हाताने करायची, ही कल्पना मला तिथून मिळाली. आमच्याकडे मात्र मागणी वेगळी होती. गावकऱ्यांना घरं सुटी सुटी नको होती, सगळा ऊर एकत्र हवा होता. ऊर म्हणजे गाव, पण जन्माचं, नाळ पुरलेलं. तमिळ माणूस तुमचा ऊर कुठला असं विचारतो तेव्हा तो तुमचा आजचा पत्ता विचारत नसतो.

पहिला दिवस वाया गेला. आम्ही कागद आणि पेन्सिली वाटल्या, "तुमचं घर काढा" म्हणालो. लोक कागद मांडीवर घेऊन बसून राहिले. "आम्हाला चित्र येत नाही," एवढंच. मी त्यांना हिरोशिमाची गोष्ट सांगितली. 1974 मध्ये एक सत्त्याहत्तर वर्षांचे गृहस्थ आपण पाहिलेल्या त्या दिवसाचं चित्र घेऊन एनएचके या जपानी प्रसारण संस्थेच्या तिथल्या केंद्रावर गेले. केंद्राने मग सगळ्यांनाच आवाहन केलं आणि पुढच्या वर्षापर्यंत दोन हजारांवर चित्रं आली. काढणाऱ्यांत बहुतेक साधी माणसं होती, चित्रकार नव्हेत. मागच्या रांगेतल्या एका आजोबांनी विचारलं, "बॉम्ब पडल्यावर किती वर्षांनी काढली त्यांनी?" मी म्हटलं, एकोणतीस. त्यांनी बोटांवर हिशेब केला. 1990 ते 2018, अठ्ठावीस. "म्हणजे आपण एक वर्ष आधी आहोत," ते शेजाऱ्याला म्हणाले आणि कागद पुढे ओढला.

तरी कागद त्यांच्या अंगवळणी पडला नाही. घर एवढंसं करून काढायचं म्हणजे काय, तेच मुळात अवघड होतं. आमच्यासारख्यांना कॉलेजात दोन वर्षं लागतात तिथे यायला, आणि मी ते एका सकाळी मागत होते. दुसऱ्या दिवशी आम्ही अंगणात गेलो आणि खडूच्या भुकटीने घर पूर्ण मापात काढायला सुरुवात केली. घर ज्याचं, तो चालणार. आम्ही फक्त विचारणार: सकाळी उठल्यावर पहिलं पाऊल कुठे पडायचं? चूल कुठल्या हाताला? पाऊस आला की कुठली वस्तू आधी आत घ्यायचात? एक निवृत्त पोस्टमन असे चालत होते. ओट्यावरून आतल्या खोलीत जायची खडूची रेघ आली आणि त्यांनी मान खाली घातली. उघड्या मैदानात, आकाशाखाली, दार नसलेल्या ठिकाणी. मी त्यांना तिकडच्या रीतीने अय्या म्हणत सांगितलं, पुन्हा एकदा जा. ते पुन्हा गेले आणि पुन्हा वाकले. चौकट त्यांच्या कपाळाच्या खाली होती. मी त्यांची उंची मोजली आणि वहीत लिहिलं: दाराची चौकट साडेपाच फुटांहून कमी. आराखड्यात उंची नसते. त्यांच्या मानेत ती अठ्ठावीस वर्षं टिकून होती.

त्यानंतर कामाला वेग आला. घराचं माप आम्ही पावलांत घ्यायचो, अंगणाचं परप्पूत. सोळा परप्पू म्हणजे एक एकर, हे तिथे शाळकरी पोरही सांगतं. घर कोणाचं असं विचारलं की बहुतेक वेळा नाव बाईचं यायचं. जाफन्याच्या तमिळांचा तेसवलमै नावाचा स्वतःचा रूढिकायदा आहे. 1707 मध्ये डचांनी तो लिहून काढला आणि आजही तो लागू आहे. त्यात मुलीला चीदनम म्हणून घर-जमीन देण्याची रीत आहे, त्यामुळे लग्नानंतर नवराच पुष्कळदा बायकोच्या घरी राहायला येतो. थोडक्यात, जन्मभराचं घर हे तिचं माहेरच. ते ऐकल्यावर मला पुरुषांच्या नकाशाचं कोडं उलगडलं. चौक, देऊळ, शाळा, सहकारी दुकान हे सगळं ते नेमकं काढत होते, पण घराच्या मागच्या अंगाला आले की हात थबकायचा. मागचं अंगण त्यांनी जावई म्हणून पाहिलेलं होतं. बायकांनी ते परकर नेसायच्या वयापासून पाहिलेलं. आजींच्या त्या फटी पाहिल्यावर आम्ही ठरवलं की बायकांचा नकाशा वेगळा काढायचा, वेगळ्या वेळी, आणि मग दोन्ही एकावर एक ठेवायचे. त्यासाठी बटर पेपर होता.

आता विहिरींबद्दल. जाफना द्वीपकल्पात बारमाही नदी नाही. खाली चुनखडीचा खडक, वर वलिकाममची लाल माती, आणि सगळं जगणं विहिरीवर. घर पाडता येतं, झाड तोडता येतं, विहीर मात्र राडारोडा टाकून बुजवली तरी तिचं कडं जमिनीत राहतं. परतलेले लोक आपली जागा ओळखत होते ती विहिरीवरून. म्हणून आम्ही नकाशाची बांधणीही विहिरींपासून केली, आधी विहिरी पक्क्या करायच्या, मग घरं त्यांना जोडायची. देवळाच्या दक्षिणेकडच्या विहिरीपाशी ही पद्धत अडली. एका आजोबांनी ती रस्त्याच्या अलीकडे दाखवली, दुसऱ्यांनी पलीकडे. दोघेही ठाम. दोन दिवस वाद चालला. मी तिऱ्हाईत म्हणून मध्यम काढायला गेले आणि विहीर चक्क रस्त्याला चिकटवली. दोघेही माझ्यावर नाराज झाले. माझी ती चूक मोठी होती. दोघांच्याही आठवणीत नसलेली एक तिसरी विहीर मी कागदावर आणली होती.

तेव्हापासून नियम केला: खोडरबर नाही. ज्याने जे सांगितलं ते त्याच्या रंगात राहील. स्वतः पाहिलेलं अखंड रेघेत, ऐकलेलं तुटक रेघेत. दोन विहिरी तर दोन विहिरी.

पण दोन रंगांनी सुटणार नाही असा प्रश्न पुढे होताच. बायकांच्या बैठकीला गावाच्या कडेच्या वस्तीतल्या एक अक्का यायच्या, साठीच्या. बोलायच्या नाहीत. एका संध्याकाळी सगळ्या गेल्यावर त्यांनी बटर पेपरचा कोरा तुकडा मागितला आणि आपल्या वस्तीपासून निघालेली एक लांब रेघ काढली. ती देवळाला दुरून वळसा घालत, शेतांच्या बांधावरून, मोठ्या विहिरीपर्यंत गेली आणि विहिरीच्या चार बोटं अलीकडे थांबली. मी विचारलं, पुढे? "पुढे नाही. तिथे घागर ठेवून उभं राहायचं. कुणीतरी उपसून ओतेपर्यंत." त्या तेव्हा दहा-बारा वर्षांच्या होत्या. त्याच भागातल्या माविट्टपुरमच्या कंदस्वामी देवळात प्रवेश मिळावा म्हणून 1968 मध्ये दलितांनी सत्याग्रह केला होता आणि त्यांना मारहाण झाली होती. अक्कांचे वडील त्या गर्दीत होते. सामाजिक भेदभावाविरुद्धचा कायदा 1957 मध्येच झालेला होता. चवदार तळ्याची गोष्ट लहानपणापासून ऐकत आलेल्या मला त्या रेघेचा अर्थ कुणी समजावून सांगायची गरज नव्हती, पण जाफन्यात ती दिसेल याची तयारीही नव्हती. युद्ध, लष्कर, विस्थापन एवढंच मनात धरून मी तिथे गेले होते.

दुसऱ्या दिवशी मी अक्कांची परवानगी घेऊन तो तुकडा मोठ्या नकाशावर ठेवला. खोलीत शांतता. मग एक वजनदार गृहस्थ म्हणाले, "आपण जून 1990 चा ऊर काढतो आहोत. त्या वेळी असलं काही उरलं नव्हतं. हे जुनं आहे." ते म्हणत होते त्यात तथ्य होतं, आणि नेमकी तीच अडचण होती. आठवणीच्या नकाशाला तारीख कुठली घालायची? पोस्टमन अय्यांचं घर 1975 चं होतं, तेव्हा त्यांचे वडील जिवंत होते. कुणी बंकर काढले होते, ते 1987 नंतरचे: अंगण खणून, वर ताडाचे ओंडके आणि मातीची पोती रचलेले, इंग्रजी एल अक्षरासारखे, तोंडाशी गोळा पडला तरी किरचा आतपर्यंत येऊ नयेत म्हणून. हे सगळं एका कागदावर गुण्यागोविंदाने नांदत होतं. तारखेची आठवण झाली ती अक्कांच्या रेघेपाशी. हे मी बोलले नाही, बोलायला हवं होतं असं आजही वाटतं. बोलली ती आमची दुभाषी मुलगी, तिच्याच भाषेत, तिच्याच मोठ्या माणसांसमोर. "बंकरला तारीख विचारली नाही, तर वाटेलाही विचारू नका." वाट राहिली.

सायकलवाला असाच आला. एका बाईंनी तीन बोळ मिळतात तिथल्या झाडाखाली एक सायकल काढली. जाफना शहरातून कापड विकायला येणारा मुस्लिम फेरीवाला दर आठवड्याला तिथे थांबायचा. त्याच्याकडचं छिटाचं कापड त्यांना आठवत होतं, त्याचं नाव नाही. 1990 च्याच ऑक्टोबरमध्ये एलटीटीईने उत्तर प्रांतातल्या सगळ्या मुस्लिमांना, सुमारे 75 हजार माणसांना, हुसकावून लावलं. जाफना शहरात त्यांना दोन तासांची मुदत होती. गावाला आपलं दुःख एवढं मोठं होतं की त्याच्याबद्दल या खोलीत कुणी बोललं नव्हतं. सायकल काढून झाल्यावर बाई इतकंच म्हणाल्या, "त्यालाही कुंपणाची फट ठाऊक होती. उन्हाचा आतून यायचा."

दुसऱ्या खेपेला शिवारफेरी केली. नकाशाच्या घड्या पाठीवर टाकून प्रत्यक्ष जमिनीवर, अर्थात सुरुंग काढून मोकळ्या केलेल्या भागातच. पावलं मोजत, एका विहिरीपासून दुसरीकडे. लहानपणी गाव सोडलेल्यांची अंतरं हटकून मोठी निघाली, जवळपास दुप्पट. म्हाताऱ्यांची बरीचशी बरोबर. टोरांटोतल्या एका गृहस्थांना व्हॉट्सअ‍ॅपवर फोन लावून आम्ही कॅमेरा फिरवत होतो. तिकडे मध्यरात्र होती आणि ते ओरडून डावीकडे, डावीकडे सांगत होते. डावीकडे काटेरी झुडपं तोडली तर शाळेच्या पायऱ्या निघाल्या, तीन. त्या आजोबांच्या वादातली विहीरही सापडली, रस्त्याच्या पलीकडे. अलीकडची सांगणारे आजोबा गप्प झाले. मग थोडं पुढे जाऊन त्यांनी काठीने पाचोळा सारला. तिथे दगडी थाळं होतं, गुरांना पाणी पाजायचं. ते त्या विहिरीवर कधी गेलेच नव्हते, थाळ्यावर गुरं घेऊन जायचे. त्यांची विहीर तीच.

लोकांची एक आशा आम्हाला मोडावी लागली. अनेकांची खरेदीखतं धावपळीत गेली होती आणि हा नकाशा दाखवून हद्द ठरेल असं त्यांना वाटू लागलं होतं. हा कायद्याचा कागद नाही, हे आम्ही प्रत्येक बैठकीत सांगितलं. बांधावरून आपल्याकडे जशी पिढ्यानपिढ्या भांडणं चालतात तशी तिकडे कुंपणावरून चालतात. दोन जावांनी एकच कुंपण हातभर अंतराने काढलं होतं. आम्ही दोन्ही तुटक रेघेत ठेवली आणि खाली लिहिलं की मोजणी झालेली नाही.

मोटरसायकलवर साध्या कपड्यातली दोन माणसंही येऊन गेली. नकाशा कशाचा, पैसे कुणाचे, यादी आहे का. लष्करी तळाला लागून असलेल्या गावात नकाशा हा शब्दच जड असतो. तेव्हापासून फोटो बंद, नावांची यादी बंद, आणि आज तारेआड असलेल्या भागात सध्या काय आहे याचा एक ठिपकाही नाही. रोज संध्याकाळी नकाशा गुंडाळून एका घरी जायचा. कुणाच्या, ते गटातल्या आम्हा बाहेरच्यांनाही सांगितलं जात नसे. ते योग्यच होतं. आम्ही परत जाणार होतो, ते तिथेच राहणार होते.

तिसऱ्या खेपेचा प्रश्न: याचं करायचं काय? माझ्याकडे तयार कल्पना होती. दगडी भिंत, तीवर गावातल्या मृतांची नावं. चित्र काढूनच नेलं होतं. आणखी तीन पर्याय गावातल्यांनी काढले आणि चिंचोके टाकून कौल घ्यायचा असं ठरलं. चिंचोके वाटायच्या आधी एक आई उभ्या राहिल्या. त्यांचा मुलगा 2009 च्या मे महिन्यापासून बेपत्ता आहे. त्यांनी माझ्या चित्रावर बोट ठेवून विचारलं, "पिळ्ळै (म्हणजे पोरी), माझ्या मुलाचं नाव तू या भिंतीवर लिहिणार का? लिहिलंस तर तो गेला असं मी म्हटल्यासारखं होईल. नाही लिहिलंस तर तो या गावचा नव्हता असं होईल." मी चित्र गुंडाळून ठेवलं. त्यावर एकही चिंचोका पडला असता तरी मला ते बांधवलं नसतं.

बहुमत वाचनालयाच्या कोब्याच्या जमिनीला मिळालं. जाफन्याकडे गावोगाव वासिगसालै असते, वर्तमानपत्रं वाचायची जागा. गावाने स्वतःच्या हाताने तिचं नवं छप्पर घातलं होतं, जमीन व्हायची होती. नकाशा तिथे कोब्यातच काढायचा, बारा फूट बाय दहा फूट, एकास शंभर. ओला कोबा फार वेळ थांबत नाही. अंगठा दाबून ठसा उमटेल पण चिकटणार नाही, अशी वेळ गाठावी लागते आणि मग तास-दीड तासात रेघा पुऱ्या करायच्या. म्हणून आम्ही जमिनीचे बारा चौकोन पाडले, रोज तीन. गवंडी थापी फिरवून मागे सरकला की बटर पेपर अंथरायचा, खिळ्याने टोचून ठिपके पाडायचे, कागद उचलायचा आणि ठिपके जोडायचे. ठिपके जोडण्यात बायकांचा हात धरणारं कुणी नव्हतं, जन्मभर कोलम, म्हणजे ठिपक्यांची रांगोळी, घातलेले हात ते. कुंपणं त्यांनी खिळ्याने ओढली आणि फट आली की तिथे बोट टेकवलं. प्रत्येक फट ही कुणाच्या तरी बोटाचा ठसा आहे. ही युक्ती त्यांची, आम्हाला सुचली नव्हती. विहिरींना नाण्याचा शिक्का. अक्कांची वाट त्यांच्या नातीने ओढली, विहिरीच्या अलीकडेच थांबवली. तिच्या कडेला काहीही लिहायचं नाही, असं गावाने ठरवलं. मला ते पटलेलं नाही, अजूनही पटत नाही. पण अक्कांना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "तिला मी सांगितलंय. ती सांगेल."

शेवटचा चौकोन वायव्येचा. गावाचा तो कोपरा अजून तारेआड आहे. चौदा घरं, एक पिंपळ, दुसरं देऊळ. कागदावर ते सगळं काढून तयार होतं. काहींचं म्हणणं, बाकीच्यासारखंच कोब्यात उतरवा. त्या घरांतल्या लोकांना ते नको होतं. एकदा सिमेंटमध्ये बसलं की ते जुनं झालं, झालं गेलं झालं, असं त्यांना वाटत होतं. आम्ही गवंड्याला तो चौकोन दोन इंच खोल ठेवायला सांगितलं आणि किनाऱ्यावरची पांढरी वाळू आणून भरली. ज्याला आठवेल त्याने बोटाने काढावं.

मी निघाले त्या सकाळी पेपर वाचायला आलेल्यांनी चपला दाराशी काढल्या होत्या. वाळूत आदल्या संध्याकाळी कुणीतरी घर काढलेलं होतं. ओटा, दोन खोल्या, मागे विहीर, आणि तिच्यापाशी कुंपणाला पडलेलं एक बोट. एक आजोबा वर्तमानपत्र हातात धरून त्या चौकोनाच्या कडेने वळसा घालून गेले आणि बाकावर जाऊन बसले.